घोंगडी काचेत नको, मागावर दाखवा
सोलापूरच्या ग्रामीण कला दालनात घोंगड्या काचेच्या कपाटात मांडाव्यात, असं एका लेखात सुचवलंय. त्याऐवजी खड्ड्याचा माग, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो हातमाग, चालता ठेवा. दख्खनी मेंढीची लोकर कातरणं, पिंजणं, कातणं दाखवाच, पण खरी मेख ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, दिल्या जाणाऱ्या चिंचोक्याच्या खळीत आहे. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटायचे, मग शिजवायचे. खळ पातळ झाली तर तंतू उभे राहून एकमेकांत अडकतात नि ताणा तुटतो. जाड झाली तर धागे चिकटतात. म्हणून ओलं असतानाच कुंचा फिरवायचा. बंद कपाटात तर लोकरीला कसर लागू शकते. आणि हो, सोलापुरी जेकार्ड चादरीशेजारी तिची नक्षी ठरवणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डंही टांगा: एक भोक चुकलं की तीच चूक प्रत्येक नक्षीत उमटते.