लुटेफिस्क सडका नसतो, आणि त्यावर हसणारे त्याचा तिरस्कार करत नाहीत

नाताळ जवळ आला की मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. सोबत थलथलीत, काचेसारख्या दिसणाऱ्या माशाचा, म्हणजे लुटेफिस्कचा, फोटो. सार असं: अमेरिकेतल्या मिनेसोटातले नॉर्वेजियन वंशाचे लोक मोरी साफ करायच्या कॉस्टिकमध्ये सडवलेला मासा खातात. हा व्हायकिंगांचा पदार्थ, खुद्द नॉर्वेत आता त्याला कोणी विचारत नाही. यांनाही तो आवडत नाही, म्हणून तर स्वतःच त्याची टिंगल करतात, फक्त वंशाचा तोरा मिरवायला गिळतात.

मी नऊ वर्षं मिनेसोटात राहते. हा मासा त्याच लोकांच्या पंगतीला बसून खाल्लाय. वरच्या मजकुरात बहुतेक सगळं चूक आहे, आणि शेवटचं वाक्य तर अन्यायाचं आहे.

आधी 'सडवलेला'. लुटेफिस्क सहसा सुकवलेल्या कॉडचा करतात. नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे हा मासा लाकडी मांडवांवर टांगून ठेवतात, मीठसुद्धा न लावता. समुद्राच्या गार वाऱ्यात तो खडखडीत वाळतो आणि त्याचं वजन जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येतं. वसई-वर्सोव्याला वाळत घातलेले बोंबील ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. गोंधळ होतो तो स्वीडनच्या सुरस्ट्रोमिंगमुळे. तो आंबवलेला हेरिंग, त्याचा डबा फुगतो, आणि तो उघडून तोंड फिरवणाऱ्यांचे व्हिडिओ सगळीकडे आहेत. तो पदार्थ वेगळा, हा वेगळा.

कॉस्टिकचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून ते नीट सांगायला हवं. 'लूट' म्हणजे खाराचं (मिठाचं नव्हे, कॉस्टिकसारख्या क्षाराचं) पाणी आणि 'फिस्क' म्हणजे मासा. नावातच सगळं उघड आहे. वाळका मासा आधी पाच-सहा दिवस साध्या पाण्यात भिजवतात, मग दोनेक दिवस खारात. पूर्वी हा खार लाकडाच्या राखेतून काढत. खारामुळे माशातली प्रथिनं सैल होतात, तो पाणी पितो आणि फुगतो. या टप्प्यावर तो खरोखरच खाण्याजोगा नसतो. म्हणून पुढे कित्येक दिवस रोज पाणी बदलत तो धुतात, आणि मगच शिजवतात. आपण पापडात पापडखार घालतो, मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, जर्मनीत प्रेत्झेल नावाचा पीळदार पाव भाजण्याआधी कॉस्टिकच्या पाण्यात बुडवतात. स्वयंपाकात क्षार वापरणं ही जगभरची जुनी युक्ती आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्यात, कामाच्या जागेवरच्या विषारी पदार्थांच्या व्याख्येतून लुटेफिस्क नाव घेऊन वगळलेला आहे. कोणा आमदाराला ते लिहून ठेवावंसं वाटलं, यावरून हा गैरसमज तिथेही किती मुरला होता ते कळतं.

व्हायकिंगांनी खाल्ल्याचा पुरावा नाही. मांडवाला आग लागली, वर पाऊस पडला आणि राखेत मासा भिजला, ही गोष्ट रंगवून सांगतात, पण ती दंतकथाच. लेखी वर्णन सापडतं ते 1555 सालचं, ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या ग्रंथात. तेव्हाही सोबत लोणी होतंच. आणि त्या पंगतीत माशाबरोबर येणारी लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, व्हायकिंगांची असणं शक्यच नाही. नॉर्वेत बटाटा पोचला तोच अठराव्या शतकात.

नॉर्वेत कोणी खात नाही, हेही खोटं. नाताळाआधीच्या आठवड्यांत तिथल्या हॉटेलांत लुटेफिस्कचा हंगाम असतो. सोबत बेकन, वाटाण्याची उसळ, उकडलेले बटाटे. मिनेसोटात नॉर्वेजियन घरांत त्यावर वितळलेलं लोणी ओततात, स्वीडिश घरांत पांढरा सॉस.

आता टिंगल. इथे मला थांबून सांगायचंय.

या लोकांचे ओले आणि लेना या जोडप्यावरचे असंख्य विनोद आहेत. त्यातला मला सगळ्यात प्रिय: ओलेचं बायकोवर इतकं प्रेम होतं, की एकदा तो तिला ते जवळपास सांगणारच होता. हे ऐकून ज्याला वाटेल की हे लोक स्वतःला तुच्छ लेखतात, त्याने विनोद ऐकलाच नाही. त्यात अबोल बापाची, आजोबांची ओळख आहे, माया आहे. 1825 साली स्टाव्हँगरहून 'रेस्टॉरेशन' हे छोटं गलबत निघालं, तिथून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं नॉर्वे सोडून अमेरिकेत आली. त्यांच्या गावंढळ इंग्रजीला इतर लोक हसत. पहिल्या महायुद्धात, मे 1918 मध्ये, शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरने शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर, अगदी चर्चच्या प्रार्थनेतही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी केली. रोख जर्मनवर होता, पण नॉर्वेजियन आणि डॅनिश लोकही त्यात भरडले गेले. हुकूम त्याच वर्षी मागे घेतला, पण भाषा पिढीगणिक मागे सरतच गेली. आयोवातल्या डेकोराहून निघणारं नॉर्वेजियन वर्तमानपत्र 1972 मध्ये बंद झालं. नातवंडांकडे उरलं काय, तर एक 'उफ दा' हा उद्गार, एक मासा, आणि लोक ज्या बोलण्याला हसायचे तेच बोलणं आपल्या तोंडाने, आपल्या माणसांत सांगायची सवय. जो विनोद आपणच सांगतो, तो दुसऱ्याला आपल्यावर फेकता येत नाही. परदेशात वाढलेल्या मराठी पोरांनी आईबापांच्या इंग्रजीची नक्कल करून त्यांनाच हसवलेलं मी पाहिलंय. त्यात तिरस्काराचा लवलेश नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात एका चर्चच्या तळघरातल्या पंगतीला गेले होते. तिकिटावर नंबर, तो पुकारेपर्यंत वर प्रार्थनेच्या बाकांवर बसायचं. खाली उकडलेल्या माशाचा वास कोंदलेला. वास येतो, ते मी नाकारणार नाही. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, "कृती सोपी आहे. मासा फळीवर ठोकायचा, भट्टीत भाजायचा, मग मासा टाकून फळी खायची." समोरचे आजोबा हा विनोद आयुष्यभर ऐकत आले असणार, तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आजींनी तिसऱ्यांदा मासा वाढून घेतला. लोण्याची किटली आधी माझ्याकडे सरकवली, आणि एका लेफ्सेवर लोणी-साखर पसरून तिची सुरळी करून माझ्या ताटात ठेवली.