सातशे ग्रॅमचा प्रश्न

आमच्या घरात डिजिटल कॅमेरा घेण्याचा ठराव २०११ च्या दसऱ्याला एकमताने संमत झाला. पण कोणता घ्यायचा या उपसूचनेवरचा वाद दिवाळी उलटून गेली तरी मिटला नव्हता. वास्तविक वाद मिटवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. जमीनमोजणीच्या नोकरीत चोवीस वर्षे काढताना सामायिक विहीर, बांधावरचे चिंचेचे झाड आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे चार भाऊ यांच्या वाटण्या मी कपाळावर आठी न आणता केल्या आहेत. परंतु एका बाजूला खिशात मावणारा, आठ-दहा हजारांचा कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात अडकवायचा, तीस हजारांच्या घरातला डीएसएलआर उभा राहिला, तेव्हा माझी साखळी, फूटपट्टी आणि अक्कल या तिन्ही गोष्टी तोकड्या पडल्या. आई पहिल्याला ‘डबी’ म्हणे आणि दुसऱ्याला ‘लग्नातला’. पुढे आम्ही सगळेच तसे म्हणू लागलो.

माझ्या वडिलांवर ही वेळ आली नव्हती. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघत, आणि वडील एका लग्नाला दोन फोटो असा हिशेब लावत असल्यामुळे एका रोलमध्ये भावकीतली सहा लग्ने उरकत. कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न त्यांना पडला नाही. कोणाच्या लग्नाला तो न्यावा, एवढाच पडे.

डबीच्या बाजूने बायको, आई आणि मेव्हणा होते. लग्नातल्याच्या बाजूने मी आणि अकरावीत शिकणारी मुलगी. मेव्हण्याकडे स्वतःची डबी असल्यामुळे त्याच्या मताला अनुभवाचे वजन होते, आणि दुर्दैवाने पुरावाही होता. त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला औक्षणाचा फोटो काढण्यासाठी त्याने बटण दाबले. डबीने आधी एक लाल दिवा पेटवून अंतराचा अंदाज घेतला, मग क्षणभर विचार केला, आणि मग फ्लॅश उडवला. तोवर ओवाळणारी आत्या ताम्हण घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पोहोचली होती. त्या फोटोत मुलगा आहे, पाटाभोवतीची रांगोळी आहे आणि डाव्या कडेला आत्याचा अर्धा पदर आहे. शिवाय डबीत फ्लॅश भिंगाला खेटून बसवलेला असल्यामुळे त्याचा उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटून सरळ भिंगात परत येतो; त्यामुळे पाच वर्षांचे ते गरीब पोर नुकतेच खांबातून बाहेर पडल्यासारखे दिसते. “पण फोटो आला की नाही?” असे मेव्हण्याचे म्हणणे होते.

कचेरीतल्या मित्राने वेगळाच फाटा फोडला. “काय बे, सोळा मेगापिक्सलचा सोडून बाराचा घ्यायलास? तेबी तिप्पट पैसे देऊन?” सोळा हा आकडा बारापेक्षा मोठा आहे, याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेतल्या स्टुडिओवाल्यांनी दिले. “साहेब, तुम्ही फोटो केवढे करून घेणार? चार बाय सहा. इंचाला तीनशे ठिपके धरा. अठराशे गुणिले बाराशे. एकवीस लाख साठ हजार. म्हणजे सव्वादोन मेगापिक्सल रगड झाले. राहिलेले कोटभर ठिपके काय चटणीत घालायचे?”

ठिपके किती यापेक्षा ते बसतात त्या, उजेड टिपणाऱ्या सेन्सरचा आकार महत्त्वाचा, असेही त्यांनी सांगितले. मोजमाप म्हटले की माझा हात शिवशिवतो. घरी येऊन मी एका जुन्या लग्नपत्रिकेचे दोन तुकडे बिनचूक कापले: लग्नातल्याचा २३ मिलिमीटर बाय १५, आणि डबीचा ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिला दुसऱ्याच्या सुमारे बारा पट भरत होता. हे सर्वांना दाखवावे म्हणून हाक मारायला गेलो, तर पंख्याच्या वाऱ्याने डबीचा सेन्सर उडाला. संध्याकाळी तूरडाळ निवडताना आईने तो खडा समजून बाजूला काढला. माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपायला हवा होता. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या माणसाला मोठ्या तोंडाच्या भांड्याचे महत्त्व वेगळे पटवावे लागू नये. पाणी सुटलेले असते तेवढ्या वेळात पिंप ठेवणारा आणि फुलपात्र ठेवणारा यांच्या घरात जो फरक पडतो, तोच फरक दिवेलागणीनंतर या दोन कॅमेऱ्यांत पडतो. थोड्या उजेडात डबी ओढूनताणून फोटो काढते आणि त्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. त्यात फुलपात्राएवढ्या जागेत सोळा दशलक्ष वाट्या मांडल्या, तर एकेका वाटीत थेंब तरी किती पडणार?

बायकोने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “झूम किती?”

इथे माझी पंचाईत झाली. लग्नातल्याबरोबर मिळणारे भिंग १८ ते ५५ मिलिमीटरचे असते. पंचावन्नला अठराने भागले की तीन येतात. डबीवर मात्र ‘१० एक्स’ असे ठसठशीत छापलेले होते.

“म्हणजे दहा हजारांत दहा पट, आणि तीस हजारांत तीन पट?”

“त्याची भिंगे बदलता येतात,” मी म्हणालो.

“बदलायची भिंगे फुकट मिळतात का?”

फुकट मिळत नाहीत. भिंगांचे लग्नासारखेच आहे. मुख्य खर्च झाला असे वाटते आणि मग मानपान सुरू होतात.

भिंगाच्या छिद्राच्या आकड्यांनी मला दोन दिवस छळले, कारण तिथे आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. पण ते आकडे भागाकाराचे आहेत हे कळल्यावर मी अगदी घरच्या मैदानात आलो. भिंगाचे नाभीय अंतर म्हणजे वडिलोपार्जित जमीन आणि खालचा आकडा म्हणजे वारसदार. ५० मिलिमीटर भागिले दोन केले तर २५ चे ऐसपैस भोक पडते, भागिले बावीस केले तर प्रत्येकाच्या वाट्याला गुंठेवारी येते.

शेवटी बायकोने वादाला निर्णायक वळण दिले. डीएसएलआर भिंग आणि बॅटरीसह सुमारे सातशे ग्रॅम भरतो, असे मीच फुशारकीने सांगितले होते. “आठवडाभर सातशे ग्रॅम वजन गळ्यात अडकवून हिंडून दाखवा,” ती म्हणाली. “मान धरली नाही तर घ्या.” घरात नेमके वजन करून आणलेली वस्तू एकच होती: शेंगाची चटणी. पुण्याच्या नणंदेसाठी ती किलोने आणली होती; त्यातली सातशे ग्रॅम एका कापडी पिशवीत काढून, पिशवीला जुन्या टॉवेलची किनार शिवून तिने ती माझ्या गळ्यात घातली. सोलापूरचा टॉवेल असल्यामुळे पट्ट्याच्या टिकाऊपणाबद्दल शंका नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फेरी मारायला निघालो. मंदिराच्या पुलापर्यंत काहीच जाणवले नाही. किल्ल्याच्या बाजूला वळेपर्यंत पिशवी चालीच्या तालावर पोटाला धडका देऊ लागली, आणि कुटलेल्या शेंगदाण्याचे तेल कापडातून पाझरून पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर बेंबीच्या वर, रुपयाएवढा डाग पडला. तेवढ्यात कचेरीतला मित्र समोरून आला.

“काय बे, गळ्यात काय बांधून हिंडायलास? नवस हाय काय?”

“कॅमेऱ्याची चाचणी आहे.”

त्याने पिशवीजवळ नाक नेले. “लई भारी कॅमेरा हाय की बे. भाकरी हाय का संगट?”

मंगळवारी खांदे दुखले. बुधवारी मानेला बाम लावावा लागला. पण गुरुवारपासून चमत्कार घडू लागला. ओझे कमी जाणवू लागले, शुक्रवारी तर पिशवी गळ्यात असल्याचाही विसर पडला, आणि शनिवारी मी घरात जाहीर केले की शरीराला सवय झाली असून डीएसएलआरचे वजन हा निव्वळ बागुलबुवा आहे. बायकोने काही न बोलता पिशवी उतरवून घेतली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तोलून आणली. ती चारशे दहा ग्रॅम भरली. रोज फेरीच्या अर्ध्यावर बाकावर बसून चिमूट-चिमूट खाण्याचे जे काम मी करीत होतो, त्याची बेरीज आठवड्यात एवढी होईल असे मला खरोखरच वाटले नव्हते. मात्र शुक्रवारच्या हलकेपणाच्या भरात मी दुकानात विसार देऊन बसलो होतो, आणि विसार परत मागणे आमच्या घराण्यात बसत नाही.

अशा रीतीने लग्नातला घरी आला. दुकानदाराने सोबत पाठीवर घ्यायची एक बॅग दिली; तिच्यात गादीसारखे मऊ कप्पे होते, आणि ते हवे तसे हलवता येत. आईला कॅमेऱ्यापेक्षा बॅग जास्त आवडली.

पहिल्याच रविवारी आम्ही वीस-बावीस किलोमीटरवरच्या नान्नजला माळढोक पाहायला गेलो. माळढोक हा मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत वजनदारांपैकी एक असा पक्षी आहे, आणि आमचे नशीब एवढे थोर की तो दिसला. माझ्या ५५ मिलिमीटरच्या भिंगातून तो गवतावर पडलेल्या तिळाएवढा आला. तीळ अत्यंत सुस्पष्ट आहे, हे मात्र मुलीनेही मान्य केले.

खरी परीक्षा सिद्धेश्वरांच्या संक्रांतीतल्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत होती. भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, मानाचे सात नंदीध्वज येतात, पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा सदरा, घातलेल्या हजारो माणसांनी परिसर फुलून जातो, आणि ‘बोला हर्र’चा गजर होतो तेव्हा छातीत धडधडते. त्या गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावायचा तर कोपर बाहेर काढावे लागते, आणि कोपराएवढी जागा तिथे कोणाच्याच मालकीची नसते. पहिल्या दहा फोटोंत बाराबंद्या धुतल्याच नसल्यासारख्या करड्या आल्या. कॅमेरा समोरचे सगळे जग मध्यम राखाडी आहे असे समजून चालतो. एवढे पांढरे एकदम दिसले की उजेड फार झाला असे वाटून तो हात आखडता घेतो. उजेडाची खूण एक घर वाढवली तेव्हा कुठे बाराबंद्या शुभ्र झाल्या.

अक्षता पडण्याचा क्षण मी साधला, असे मला आजही वाटते. पण डीएसएलआरची रचना अशी असते, की भिंगातून आलेला उजेड एका तिरप्या आरशावरून वर जाऊन डोळ्याला दिसतो, आणि बटण दाबताच तो आरसा उचलला जाऊन उजेड सेन्सरवर पडतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका त्याच क्षणी काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधार असतो. भोवतालच्या साऱ्या सोलापुराला अक्षता दिसल्या. मला खट्याक असा आवाज ऐकू आला.

घरी येऊन संगणकावर पाहिले. अक्षतांचे दाणे हवेत थबकलेले होते, परंतु पार धूसर, कारण कॅमेऱ्याने नेम धरला होता तो जवळच्या वस्तूवर. ती वस्तू म्हणजे माझ्या पुढे उभ्या असलेल्या मेव्हण्याचा, गर्दीच्या वर सरळ उंचावलेला हात. हातातली डबी इतकी स्वच्छ आली आहे, की तिच्या कडेचा पोचा, मनगटावरचा देवाचा दोरा आणि अंगठ्याच्या नखात अडकलेला गुलाल सुटा दिसतो. मी आजवर काढलेल्या फोटोंत तांत्रिकदृष्ट्या हा सर्वोत्तम आहे. त्याच क्षणी त्या डबीने, डोक्यांवरून, नंदीध्वजांसकट सबंध सोहळा टिपला. तो फोटो चार बाय सहाचा होऊन आता आमच्याच दिवाणखान्यात टांगलेला आहे.

त्यानंतरच्या लग्नसराईत मला माझ्या पदाची जाणीव झाली. मांडवात लोक “ओ फोटोग्राफर, इकडं बघा!” अशी हाक मारू लागले आणि मी शेवटच्या पंगतीत जेवू लागलो. तीन वर्षांच्या फोटोंत मी कुठेच नाही. एकदा मीही फोटोत असावे म्हणून मेव्हण्याच्या हाती कॅमेरा दिला. त्याने तो सवयीने हातभर लांब धरला, मागच्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि “बंद पडलाय,” असे सांगून परत केला.

गेल्या आठवड्यात नणंदेकडे पुण्याला जायचे होते. कडक भाकरी प्रवासात मोडते, ही बायकोची कायमची तक्रार. या वेळी तिने कॅमेऱ्याच्या बॅगेतले कप्पे हलवून मधोमध मोठी जागा केली, तीत चाळीस भाकऱ्यांची चळत उभी बसवली आणि भिंगाच्या कप्प्यात चटणी ठेवली. हुतात्मा एक्स्प्रेसच्या गर्दीतून ती बॅग पुण्याला पोहोचली, तेव्हा एकाही भाकरीला साधी चीरसुद्धा गेलेली नव्हती. कॅमेरा सध्या भाकरीच्या रिकाम्या डब्यात आहे. झाकण घट्ट असल्यामुळे आत धूळ अजिबात जात नाही.