पांढऱ्यातला कोणता पांढरा?

समोरच्या खोलीला रंग द्यायचा ठरलं तेव्हा मी म्हटलं यात काय विचार करायचा, पांढरा मारा अन मोकळे व्हा, तर पेंटरभाऊनं शेडकार्ड उघडलं अन घरातली शांतता तिथंच संपली. आयव्हरी, क्रीम, मलई, बदामी, सगळे चौकोन एकमेकांचे सख्खे भाऊ. बायको म्हणे मलई, मी म्हटलं आयव्हरी. फरक काय ते दोघांनाही सांगता येईना, पण माघार कोण घेणार?

तसे आम्ही वऱ्हाडातले कापूसवाले, पांढऱ्यातला पिवळेपणा आम्हाला कळतो. पहिल्या वेच्याचा कापूस कोणता अन फरदडीचा (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला, पिवळट) कोणता हे आमच्याकडचं लेकरूही सांगते. जिनिंगवरचा व्यापारी तर गाडीत हात घालून एक पुंजका काढतो, 'पिवळा हाय भाऊ' म्हणतो अन भाव पाडतो. तोच डोळा शेडकार्डावर काऊन चालत नाही देव जाणे.

पेंटरभाऊ म्हणे, "दादा, बेस दोन्हीले एकच राह्यते, पांढरा. मशीनमधून पिवळ्या-काळ्या स्टेनरचे थेंब कमीजास्त पडते, बस." म्हणजे आमचं भांडण थेंबांवरून!

मग सॅम्पलच्या डब्या आणून भिंतीवर पट्टे मारले. सकाळी दोन्ही सारखेच. दुपारी अंगणातल्या लाल मुरमावरून ऊन आत आलं तर दोन्ही गुलाबीसर. रात्री ट्यूबलाइटखाली माझी आयव्हरी पार आजारी दिसली, म्हणून मी पिवळा बल्ब लावला तर तिची मलई हळद लागल्यासारखी. लाइन गेली तेव्हा काय ते एकमत.

शेजारचे काकाजी पट्टे पाहून म्हणे, "चुना मारा न बावा, निळ टाकून." पूर्वी सगळी घरं तशीच, चुन्यातला पिवळेपणा दबावा म्हणून चिमूटभर निळ. अन आम्ही तोच पिवळेपणा पैसे मोजून डब्यात टाकून आणून राह्यलो! हे मी बायकोला बोललो नाही, ब्रश अजून तिच्या हाताशी होता.

शेवटी मलई. (कशी ठरली ते विचारू नका, ज्यांची लग्नं झाली त्यांना माहीत आहे.) पहिला हात झाला तशी माय काठी टेकत आली, भिंतीकडे पाहून म्हणे, "अवं, हा तं लयच पांढरा हाय, थो पट्ट्यातला कुठी गेला?"

पेंटरभाऊनं रोलर बादलीत बुडवला. "काकू, ओला हाय अजून, वाळला की गडद होते. उद्या सांगजा."