सलाइन लावण्याआधी दोन्ही आजार सांगा

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या बहिणीसारखेच मलाही दोन आजार आहेत: एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूला सूज आणणारा मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि बायपोलर, ज्यात कधी मॅनिया म्हणजे अति उत्साह आणि उडालेली झोप, तर कधी खोल उदासी येते. स्टेरॉइडमुळे मॅनिया येऊ शकतो हा माझा लेख वाचून तुमच्या बहिणीने एमएससाठी स्टेरॉइडची सलाइन लावून घ्यायला नकार दिला, मी अर्धवट माहितीवर पेशंटना घाबरवते, आणि तिच्या बायपोलरचं न्यूरोच्या डॉक्टरांना सांगायची गरजच काय, अजून तिचं लग्न व्हायचंय, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग मला समजतो. बहीण एका डोळ्याने धूसर दिसतंय म्हणत असेल तर भाऊ शांत कसा बसेल?

आधी तिचं बघा. आजच न्यूरोलॉजिस्टना दाखवा. एमएसमध्ये डोळ्याच्या नसेला सूज आली की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात, बहुधा रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस. त्याने नजर लवकर सुधारते. याच दुखण्यावर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल 1992 पासून येत गेले. वर्षभरानंतर स्टेरॉइड घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या नजरेत फारसा फरक उरला नव्हता. म्हणून तिच्या सायकिॲट्रिस्टशी एक फोन होईपर्यंत थांबलं तर सहसा काही बिघडत नाही. पण किती थांबायचं ते तिचे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. आणि सलाइन नको म्हणून मेडिकलमधून प्रेडनिसोलोनच्या (याही स्टेरॉइडच्याच) गोळ्या आणून देऊ नका. नुसत्या गोळ्या नेहमीच्या डोसमध्ये घेतलेल्यांना त्याच चाचणीत हा त्रास पुन्हा जास्त वेळा झाला होता.

घाबरवण्याबद्दल. 1972 च्या बोस्टनच्या पाहणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडचा रोजचा डोस 40 मिलिग्रॅमपर्यंत असलेल्यांपैकी 1.3 टक्के लोकांना मानसिक त्रास झाला. 80 च्या वर गेलेल्यांत हेच प्रमाण 18.4 टक्के होतं. 1 ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे प्रेडनिसोनचे सुमारे 1250 मिलिग्रॅम. शिवाय ही पाहणी सर्वसाधारण पेशंटची होती. ज्याला आधी मॅनिया येऊन गेलाय, त्याच्या बाबतीत जास्तच सावध राहावं लागतं. हे वाचून भीती वाटणं साहजिक आहे, पण तयारीने घेतलं तर स्टेरॉइड घेता येतं. मी स्वतः घेतलंय आणि गरज पडली तर पुन्हा घेईन.

लग्नाचा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही. पहिल्या वेळी स्टेरॉइडसाठी एका खासगी दवाखान्यात मला ॲडमिट केलं, तेव्हा ज्युनिअर डॉक्टरांनी शुगर, बीपी, थायरॉइड विचारलं. मी लिथियमचं, म्हणजे माझ्या बायपोलरच्या औषधाचं, नाव काढणार तोच आईने कोपराने खुणावलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. घरी आल्यावर मी रात्रभर जागी. पहाटे तीनला स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून, पुसून, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नावं लिहीत बसले होते आणि मधेच मावशीला फोन लावून व्यवसायाची योजना सांगत होते. थकवा म्हणून नव्हताच. पुढे आठवडे गेले त्यातून बाहेर यायला. डॉक्टरांच्या फाइलमधली नोंद लग्नाच्या बायोडाटात जात नाही, दादा. ती लपवली तर ज्याने औषध द्यायचं तोच अंधारात राहतो.

पुढच्या खेपेला सलाइन लावण्याआधी माझे न्यूरोलॉजिस्ट आणि सायकिॲट्रिस्ट फोनवर बोलले. मूडच्या औषधात काय वाढवायचं ते त्यांनी ठरवलं. सलाइन सकाळी लावली, म्हणजे रात्रीची झोप कमी बिघडते. रात्री नणंद माझ्या खोलीत झोपली, एटीएम कार्ड यांच्याकडे दिलं. शुगर रोज तपासली, कारण स्टेरॉइडने ती वाढते आणि ओलान्झापिनसारख्या मूडच्या गोळ्यांनीही वाढू शकते. घरच्यांना एकच काम सांगितलं होतं: झोप मोजा. झोप कमी होऊनही अंगात उत्साह असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. या खेपेला झोप थोडी बिघडली, तेवढंच. कोर्स संपल्यावर मन एकदम खाली जाऊ शकतं, तेव्हाही लक्ष ठेवा. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तर तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आणखी एक, आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की बर्डीवर चार पावलं चालूनही माझे पाय जड होतात, नजर धूसर होते. कुलरसमोर बसलं की काही वेळात उतरतं. अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं अशी तात्पुरती डोकं वर काढतात, तो नवा अटॅक नसतो. लघवीच्या इन्फेक्शननेही तसंच होतं. म्हणून लक्षणं चोवीस तासांवर टिकली का, ताप आहे का, लघवीची तपासणी झाली का, हे विचारून घ्या. विनाकारणचं स्टेरॉइड टळतं. ती लिथियमवर असेल तर उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका आणि डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन देऊ नका, दोन्हींनी रक्तातलं लिथियम वाढतं.

बरी असताना तिच्याकडून एक कागद लिहून घ्या: मॅनिया आला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, तिच्या वतीने कोण बोलणार. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिला तो अधिकार दिलाय.

आज धंतोलीत किंवा रामदासपेठेत, जिथे दाखवत असाल तिथे जाताना दोन्ही फाइली, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि लिथियम चालू असेल तर त्याचा शेवटचा रक्ताचा रिपोर्ट सोबत घ्या. तिला आधी मॅनिया कधी आला होता आणि तेव्हा कशाने उतरला, हे डॉक्टरांना तिलाच सांगू द्या.