सर्बियाचा ध्वज म्हणजे उलटा रशियन ध्वज? खुलासा

सध्या एक मजकूर फिरतोय: मॉस्कोला गेलेल्या सर्बियन शिष्टमंडळाकडे ध्वज नव्हता, म्हणून त्यांनी रशियाचाच उलटा धरला आणि तोच राष्ट्रध्वज झाला. ही लोककथा आहे, इतिहास नव्हे.

ती पटते, कारण पट्ट्यांचा क्रम खरोखर उलटा आहे. रशियाचा वरून पांढरा, निळा, लाल. सर्बियाचा लाल, निळा, पांढरा. पण कागदावरचा प्रवास वेगळा आहे. फेब्रुवारी 1835 मध्ये क्रागुयेवात्स या सर्बियन शहरात मंजूर झालेल्या राज्यघटनेत उजळ लाल, पांढरा आणि गडद पोलादी निळा असे रंग होते. ते फ्रेंच क्रांतीच्या तिरंग्यासारखे दिसतात, अशी ओरड झाली. ती घटना काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली. सर्बिया तेव्हा उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या अधिपत्याखाली होता. त्याच वर्षी त्याची राजधानी इस्तंबूलहून निघालेल्या सुलतानाच्या फर्मानाने सर्बियाच्या जहाजांना लाल, निळा, पांढरा ध्वज लावायची परवानगी दिली. म्हणजे आजचे रंग मान्य झाले ते इस्तंबूलच्या फर्मानात!

दुसरी चूक राजचिन्हाची: ते प्रत्येक ध्वजावर मधोमध असतं, असा समज. सामान्य नागरिक वापरतात त्या लोकध्वजावर चिन्ह नसतंच. शासकीय ध्वजावर असतं, तेही मधोमध नाही, तर लांबीच्या एक सप्तमांश काठीकडे सरकलेलं. चिन्हातल्या ढालीवरच्या क्रॉसभोवती चार आकृत्या असतात. त्यांना ‘सामो स्लोगा सर्बिना स्पासावा’ (फक्त एकीच सर्बांना तारेल) या सर्बियन वाक्यातली चार ‘स’ अक्षरं समजतात; सर्बियन लिपीत ‘स’ हा इंग्रजी C सारखा दिसतो. तो अर्थ मागाहून चिकटला. मुळात त्या गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायच्या लोखंडी पट्ट्या आहेत. नीट पाहा: डावीकडच्या दोन आकृत्या उजवीकडच्यांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. अक्षरं अशी उलटी लिहीत नाहीत.