जेवायला होडीने जावं, आणि हॉटेलांनी पाण्याकडे तोंड करावं

कोकणात आणि गोव्यात पाण्याकाठी जेवायला बसायची ठिकाणं आता पुष्कळ झालीत. खाडीच्या काठावर माटव, खाली टेबलं, समोर पाणी, ताटात सुरमई. पण त्याच पाण्यातून तिथे यायचं म्हटलं तर उतरायला जागा नसते. गाड्या लावायला अर्धी वाडी मोकळी केलेली, आणि पाण्याच्या बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. 'होडी कुठे लावायची?' असं फोनवर विचारलं की पलीकडचा माणूस गोंधळतो, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. मला हे मनापासून खुपतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

किनाऱ्यावरची आपली बंदरगावं पाण्याकडे तोंड करून वसलेली होती. मुंबईहून सुटणारी आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. बाजार, वखारी, चहाची दुकानं सगळं बंदराच्या आसपास. पुढे रस्ते झाले, आगबोट बंद पडली, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाजाराने बंदराकडे पाठ केली ती केलीच, आणि नवी हॉटेलंही रस्त्याकडे बघतच उभी राहिली.

तरीही पाण्यातून जेवायला जाण्यासारख्या जागा उरल्यात. माझी सगळ्यात आवडती मालवणजवळची देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे माडांची अरुंद पट्टी. संगमावर दोन्ही पाणी मिळतात. इथल्या काही घरांच्या मागच्या अंगणातून सरळ खाडीत उतरता येतं आणि होडी दारात लागते. पलीकडच्या काठाला कोरजाई, भोगवे. रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा, पाण्यातून थोड्याच वेळाचं काम. पर्यटकांना होडीवाले आधी त्सुनामी आयलंडवर नेतात, तिथे वॉटर स्पोर्ट्सचा गलका असतो. माझं सांगणं एवढंच की होडी ठरवताना 'आम्हाला जेवायला जायचंय, खाडीच्या आत घ्या' असं स्पष्ट सांगा. कर्लीत आत शिरलं की दोन्ही काठांना माड आणि कांदळवन, आवाज फक्त इंजिनाचा. तोही बंद करून वल्ह्यांवर चला म्हटलं तर बहुतेक जण आनंदाने ऐकतात.

घरगुती खानावळीत सकाळीच कळवावं लागतं, कारण सकाळी जे जाळ्यात आलं तेच दुपारी ताटात येतं. तिसऱ्यांची एकशिपी (एका शिंपल्यासकट शिजवलेल्या तिसऱ्या) मिळाली तर बाकी काही मागू नका. बांगड्याचं तिखलं, भाकरी, वर सोलकढी. मेन्यूकार्ड मागणाऱ्यांनी रस्त्यावरच्या हॉटेलात जावं, तिथे ते मिळतं.

आता मुद्द्याची गोष्ट, भरती-ओहोटी. नकाशावर हॉटेल पाण्याला चिकटलेलं दिसतं आणि ओहोटीला तिथे गुडघाभर चिखल असतो. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर कोळी आणि तांडेल लोकांचा जुना हिशोब आहे : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या. मालवणकडे भरती याहून जरा आधी येते. मग गणित सोपं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, दुपारी पाणी भरलेलं, म्हणजे दुपारचं जेवण उत्तम. पण उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं, त्यामुळे जेवून रेंगाळायचं नाही. अष्टमीला उलटं, भर दुपारी ओहोटी, तेव्हा संध्याकाळ धरावी. मालवणीत होडीवाला 'सुकती लागली, बेगीन उठा' (ओहोटी लागली, लवकर उठा) म्हणाला की ताटातलं तसंच ठेवून उठायचं. त्याला घाई नसते, त्याला पाणी दिसत असतं.

मुंबईकरांना इतकं लांब जायलाही नको. गेटवेवरून लाँच किंवा कॅटामरान पकडली की तासाभरात मांडवा. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट आहे. मांडव्याच्या जेट्टीलाच लागून समुद्रावर बसून खायची-प्यायची ठिकाणं आहेत, आणि बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघता अलिबागच्या बसकडे पळतात. नुसतं जेवायला मांडव्याला जाऊन पुढच्या बोटीने परत यावं, ही मुंबईतली सगळ्यात सुंदर दुपार आहे असं माझं ठाम मत आहे. घारापुरीलाही लोक लेणी बघून उपाशी परततात. त्या बेटावर गावं आहेत, पायऱ्यांच्या वाटेवर जेवण मिळतं, तिथल्या बायका कैऱ्या-काकड्या विकत बसलेल्या असतात. चार पैसे तिथे खर्च करा. फक्त परतीची शेवटची बोट कितीची, हे उतरतानाच विचारून ठेवा.

गोव्यात हे सगळं अजून जिवंत आहे, कारण तिथे सरकारी फेरीबोटी आहेत आणि चालत चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. रायबंदरहून चोडणला किंवा दिवाडीला पलीकडे जा. दिवाडीत लहानसे बार आहेत, चार टेबलांचे. मार्च ते मेमध्ये गेलात तर हुर्राक मागा. काजूची ही पहिल्या धारेची दारू हंगामातच मिळते, फेणी काय वर्षभर आहे. उत्तरेला केरीहून फेरीने तेरेखोलला गेलं की किल्ल्यावरून नदीचं मुख आणि केरीची वाळू दिसते. तिथे पोचायला पाच-दहा मिनिटांचं पाणी ओलांडावं लागतं, आणि तेवढ्यानेच जेवणाची चव बदलते.

पिण्याबद्दल स्पष्ट लिहिते. होडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही, एक घोटही नाही, आणि आपण त्याला आग्रह करायचा नाही. आपणही परतीच्या वेळी पायऱ्यांवरचं शेवाळ आणि हलती होडी सांभाळण्याइतके शुद्धीत असावं. लाइफ जॅकेट अंगावर, मांडीवर नाही. १८ डिसेंबर २०२४ला एलिफंटाकडे, म्हणजे घारापुरीलाच निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. त्या लोकांची काही चूक नव्हती. तेव्हापासून तरी 'एवढ्याशा अंतराला कशाला' हे वाक्य कुणी म्हणू नये. आणि मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत लहान होड्यांचा हट्ट धरायचा नाही, हॉटेल कितीही उघडं असलं तरी.

हॉटेलवाल्यांकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येकाने खाडीत काँक्रीट ओतून स्वतःचा धक्का बांधावा असं मी मुळीच म्हणत नाही. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि त्याच कांदळवनात तुमच्या ताटातले खेकडे वाढतात. गावागावात जेट्ट्या आहेत, त्यातल्या कित्येक गाळाने भरून नुसत्या उभ्या आहेत. ग्रामपंचायत, होडीवाले आणि खानावळवाले मिळून त्यातली एक साफ ठेवा. तिथे धरायला कठडा, रात्री एक दिवा, होडीच्या दरांचा फलक आणि खडूने लिहिलेली त्या दिवसाची भरतीची वेळ. हॉटेलाच्या जाहिरातीत 'पार्किंगची सोय' लिहिता ना, त्याच्याखाली 'होडी लागते, भरतीत' एवढं लिहा. सप्टेंबरात होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, तोवर हे सहज होण्यासारखं आहे.

आणि आपण गिऱ्हाइकांनी होडी ठरवताना थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्यावेत, घासाघीस न करता. दोन तास होडीवाला उन्हात होडी धरून बसतो. खानावळीला माणसं सांगताना त्याचं ताटही मोजून सांगा.