गोठलेला खांदा आणि चर्चिलची पलटण

उन्हाळ्यात सोलापुरात काहीही गोठत नाही. बर्फाच्या ट्रेमधलं पाणीसुद्धा नाही, कारण आमच्या घरी दर दहा मिनिटांनी कुणीतरी फ्रीजचं दार उघडून नुसतंच उभं राहतं. अशा गावात, पारा त्रेचाळीसवर असताना, डॉक्टरांनी माझा उजवा हात धरून वर केला, मी बोंब मारली आणि ते शांतपणे म्हणाले, "गोठलाय."

"काय?"

"खांदा. फ्रोझन शोल्डर."

मी डाव्या हातानं घाम पुसला. म्हटलं, चला, अंगातला एक सांधा तरी थंड आहे.

ही गत नळानं केली. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्याची आवडती वेळ पावणेतीन. दुपारचे नव्हेत. फेब्रुवारीतल्या एका रात्री शेजारच्या अक्का "पाणी आलं ओऽ" म्हणून ओरडल्या, मी अर्धवट झोपेत भरलेली बादली मोरीवरच्या टाकीत ओतायला उचलली आणि खांद्यात कट्ट झालं. कडक भाकरी मोडावी तसा आवाज. मग दुखतंय म्हणून दोन महिने हात पोटाशी धरून हिंडलो, आणि तिथंच फसलो. न हलवलेल्या खांद्याचं आतलं आवरण जाड होतं, आक्रसतं, आणि मग हात वर जायचं नावच घेत नाही. "सुटायला वर्ष लागतं, कधी दोन," डॉक्टर म्हणाले. आपण "चहा घेणार?" विचारतो त्या सुरात.

मी चादरीच्या दुकानात दिवाणजी आहे. वह्या लिहायला कोपरापर्यंतचा हात पुरतो, पण दुकानात गर्दी झाली की मलाही चादरी उलगडून दाखवाव्या लागतात, आणि सोलापुरी चादर एका हातानं उलगडत नाही. हल्ली मी गिऱ्हाईकालाच एक टोक धरायला लावतो. मोराची नक्षी पाहायला दोघं मिळून चादर ताणून उभे राहतो, लग्नातला अंतरपाट धरल्यासारखे.

उपचारांची यादी देत नाही. ज्यांचा स्वतःचा खांदा कधी दुखला नाही, त्यांनी जास्त उपाय सांगितले. आईनं एरंडाचं पान शेकून बांधलं, त्यानं निदान वास तरी आला. खरा उपाय एकच, व्यायाम. भिंतीसमोर उभं राहायचं, पहिली दोन बोटं भिंतीला टेकवायची आणि पाय चालवावेत तशी वर चालवत न्यायची. थांबतील तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. आमच्या कॅलेंडरशेजारी मुलीच्या उंचीच्या रेघा आहेत, त्यांच्याच बाजूला आता माझ्या. तिची प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या वर. माझी 26 एप्रिलची रेघ 19 एप्रिलच्या खाली आहे.

अशा दिवसांत मुलीनं रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड, पुठ्ठा नसलेलं चर्चिलचं चरित्र आणलं. ती चार पानांत कंटाळली. मी डाव्या हातात धरून वाचायला लागलो. या गृहस्थाबद्दल मला माया असण्याचं काही कारण नव्हतं. चिरूट, दोन बोटं आणि गांधीजींना 'अर्धनग्न फकीर' म्हणणारं तोंड, एवढीच आमची ओळख. पण एका पानावर मी उठून बसलो. 1896 साली हा एकवीस वर्षांचा घोडदळाचा लेफ्टनंट बोटीतून मुंबईत ससून डॉकला उतरत होता. धक्क्यावरची लोखंडी कडी त्यानं उजव्या हातानं धरली, तेवढ्यात लाटेनं होडी खाली गेली, हा कडीला लोंबकळला आणि खांदा निखळला. आयुष्यभर तो खांदा पुन्हा पुन्हा सतावत राहिला. पोलो खेळताना त्याला तो पट्ट्यानं जखडून घ्यावा लागे. आमच्या देशात पाऊल ठेवायच्या आधी आमच्या देशानं त्याचा हात पिरगाळला, हे वाचून मला जरा बरं वाटलं, आणि मग माझाच खांदा ठणकला.

पुढं तर मजाच. 1898 साली सुदानमध्ये ओमदुर्मनच्या लढाईत त्याच्या रेजिमेंटनं घोडे घालून चढाई केली. बाकीचे तलवारी आणि भाले घेऊन, आणि याच्या हातात खांद्यापायी माउझर पिस्तूल. पिस्तुलामुळेच आपण वाचलो असावं, असं पुढं त्यालाही वाटायचं. वर्षभरात त्यानं लष्कर सोडलं आणि 1900 साली पार्लमेंटात निवडून गेला.

तेव्हापासून मला एकच चाळा लागला. त्या दिवशी ती कडी त्यानं डाव्या हातानं धरली असती तर? खांदा शाबूत, हातात तलवार, बढत्या आणि पेन्शन. पुढारी झालाच नसता.

हा सिद्धांत मी फिजिओथेरपीला जाऊन सुभेदारसाहेबांपुढं मांडला. ते माझे तिथले सोबती, डावा खांदा. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून मोहोळकडच्या शेतात स्थायिक झालेले. आम्ही दोघं शेजारी बसून छताला टांगलेल्या कप्पीची दोरी ओढतो. त्यांचा डावा वर, माझा उजवा खाली. लांबून पाहणाऱ्याला आम्ही आडावर पाणी शेंदतोय असं वाटत असेल.

"काय वाचूलालाव, दिवाणजी?"

मी सांगितलं. साहेबांनी मुळापासून चौकशी मांडली. "भरती कशी झाली त्याची?"

लहानपणी चर्चिलकडं जवळपास दीड हजार खेळण्यातले शिपाई होते. वडिलांनी ती मांडणी पाहून विचारलं, लष्करात जाशील का? पोराला वाटलं, वडिलांनी आपल्यातला सेनापती ओळखला. वडिलांच्या मनात निराळंच, हा काही वकिलीच्या कामाचा नाही. सुभेदारसाहेब जोरात हसले. "माझ्या बापानं बी असंच पाठवलं हुतं." सँडहर्स्टच्या लष्करी शाळेच्या परीक्षेत तो तिसऱ्या खेपेला पास झाला, पायदळापुरते मार्क पडले नाहीत म्हणून घोडदळात गेला. घोडा पदरचा घ्यावा लागे, म्हणून तिथं कमी मार्क चालत.

"म्हंजे डोनेशन सीट," फिजिओथेरपिस्ट पोरगी मधेच म्हणाली. "काका, बोलताना दोरी सोडू नका."

"बरं, मग नोकरी?" साहेब.

इथं माझा सिद्धांत घसरायला लागला. बंगलोरला सकाळी साडेदहापर्यंत ड्यूटी आटपायची, दुपारभर लोळून इतिहासाचे जाड ग्रंथ वाचायचे आणि संध्याकाळी पोलो. कुठं लढाई लागली की इंग्लंडात आईला पत्र. आई मोठ्यामोठ्यांकडं शब्द टाकायची. तिथला सेनापती किचनर, त्याला हा सुदानात नको होता, तरी हा पोचलाच. आणि तिथून गुपचूप लढायचं सोडून वर्तमानपत्राला मजकूर पाठवायचा, एका कॉलमचे पंधरा पौंड. परत येऊन त्याच मोहिमेवर दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, त्यात त्याच किचनरवर टीका.

साहेबांची दोरी थांबली. "आपल्याच साहेबावर?"

"हो."

"छापून?"

"दोन खंडांत."

साहेब बराच वेळ छताकडं बघत राहिले. अठ्ठावीस वर्षांत स्वतःच्या साहेबांबद्दल त्यांनी जे छापलं नव्हतं, ते सगळं बहुधा डोळ्यांपुढून गेलं असावं. मग म्हणाले, "खांद्याचं काय घिऊन बसलाव? ह्यो गडी दोन्ही खांदे धड असते तरी पलटणीत टिकला नस्ता."

मी शेवटचा पत्ता टाकला. मंत्रिपद गेल्यावर, एक्केचाळीसाव्या वर्षी, तो खरोखर पुन्हा लष्करात गेला होता. 1916 साली बेल्जियमच्या खंदकांत एका स्कॉटिश बटालियनचा कमांडर होता. पहिल्याच दिवसांत अधिकाऱ्यांना जमवून त्यानं युद्ध पुकारलं, ते उवांविरुद्ध. उवांवर मोठं व्याख्यान दिलं आणि सगळ्या बटालियनच्या उवा काढायला लावल्या. साहेब खूश झाले. "हां! ह्ये कमांडराचं काम. उवा अन् पाय, दोन गोष्टी बघायच्या." माझी बाजू सावरतेय असं वाटलं, म्हणून पुढचंही बोलून गेलो. त्याच मोहिमेवर जाताना त्यानं आंघोळीचा टब आणि पाणी तापवायचा बंब सोबत नेला होता.

टबाची गोष्ट घरी हिला सांगितली, तर ही बॅरलवर झाकण दाबत म्हणाली, "टब? त्याला म्हणावं, आमच्या गल्लीत एक उन्हाळा काढ. पावणेतीनला ऊठ आणि भर." आणि माझ्याकडं वळून, "बटालियनचं राहू द्या, तुम्ही आज बोटं चालवलीत का?"

आई मात्र वेगळंच बोलली. आमची फिजिओथेरपी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांच्या बाजूला आहे, रिक्षा रोज तिथूनच जाते. आईचे वडील 1930 सालच्या मार्शल लॉच्या गोष्टी सांगायचे. मे महिन्यातला गोळीबार, मग चार दिवस इंग्रज गावातून गेलेला, मग लष्कर, आणि गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा. "तुझा तो लष्करात राहिला असता," आई म्हणाली, "तर तेव्हा त्यालाच धाडलं असतं इथं."

मी हिशेब केला. "आई, तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा. रिटायर होऊन गुलाब लावत बसला असता."

"मग गांधीजींवरचं ते भाषण तरी नसतं केलं," ती म्हणाली.

मी वही काढली. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या त्या चौघांना येरवड्यात फाशी दिली, 12 जानेवारी 1931. फकिराचं ते भाषण 23 फेब्रुवारी 1931. मधे बरोबर सहा आठवडे. पुस्तक मिटून कपाटावर टाकलं ते दोन दिवस तसंच. खांदा सारखा असला म्हणून काय झालं!

तिसऱ्या दिवशी हात पोचत नसल्यामुळं मुलीकडून ते पुन्हा काढून घेतलं आणि दिवाणजीला शोभेल अशी नोंद सापडली. बंगलोर क्लबाच्या 1899 सालच्या वहीत, वसूल न होणाऱ्या येण्यांमध्ये, लेफ्टनंट चर्चिलच्या नावावर तेरा रुपये आहेत. बुडीत खातं! मी दुकानाच्या वहीत बुडीत खाती लिहिताना शाई बदलतो, इतकं ते मनाला लागतं. दुसऱ्या दिवशी कप्पीखाली बसता बसता साहेबांना सांगितलं.

"बिल न भरता गेला?" त्यांनी दोरी हातात घेतली. "आमच्यात नो ड्यूजच्या कागदावर सही झाल्याबिगर गेटाबाहेर सोडत नाहीत. त्येला सोडला म्हंजे साहेबालाबी तो जायाच हवा हुता." मग एक झटका देऊन म्हणाले, "तेरा रुपयं बुडवून बी नाव झालं. पुढारीच की ओ त्यो."

त्याच रात्री पावणेतीनला अक्का ओरडल्या. मला बादल्यांना हात लावायला बंदी आहे. माझं काम बॅटरी धरून पाइप बॅरलमधून निसटत नाही ना ते बघायचं. बॅरल भरेपर्यंत उगीच उभं कशाला राहायचं, म्हणून मी कॅलेंडरशेजारी गेलो आणि बोटं चालवायला लागलो. अंधारात रेघा दिसत नव्हत्या. मुलीनं बॅटरी मारली.

"बाबा, एकोणीस एप्रिलच्या वर गेलात! हलू नका."

पेन्सिल सापडेना. हिचे दोन्ही हात ओले. तिनं तशाच ओल्या बोटानं माझ्या बोटांशी भिंतीवर आडवी खूण केली आणि पळत पाइप बदलायला गेली. मुलीनं दप्तरातून पेन्सिल आणली तोवर ती खूण वाळून गेली होती.